मिनिटाला तीस फेरे

वन्सं, यंदा खंडेनवमीला पाटावर काही मांडलं नाही.

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "वर्षभर सण नाही आपल्याकडे. लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "सण नाही, पण यादी राहिली आहे." तुमचे भाऊ अशा वेळी खिडकीबाहेर बघतात, तसे बघत राहिले. बाहेर धुकं उतरलं होतं आणि समोरच्या घराचं कौलारू छप्पर मधूनच दिसत होतं, मधूनच पुसलं जात होतं. तुम्ही गेल्याला महिना होत आला. या महिन्यात मी रडले कमी आणि दमले फार. दुःख थकवतं हे ठाऊक होतं. पण ते असं हातापायांत, पाणी भरलेल्या लुगड्यासारखं जड होऊन बसतं, हे कुठल्याही कवितेनं मला शिकवलं नव्हतं.

लोकांच्या पाटावर त्या दिवशी विळे-कोयते असतात, चोपड्या असतात, पोरांची पुस्तकं असतात. आपल्या पाटावर सरस्वतीच्या पाटीशेजारी पाच तबकड्या असायच्या. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत जेवढे नवे लाँग प्ले बाजारात आले आणि आपल्या घरी पोचले, त्यांतले आपल्या दोघींच्या मते सर्वांत चांगले पाच. बाहेरच्या जगाचं वर्ष कुठेही संपो, आपलं खंडेनवमीला संपायचं. त्यांना हळदकुंकू वाहिलं की दिवसभर रेकॉर्ड प्लेअरला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी, सोनं वाटायला कुणी दारात येण्याआधी, पहिल्या क्रमांकाची तबकडी लावायची. ही रीत कुठल्या पोथीत नाही. ती तुम्ही काढलीत, आणि मी या घरात आले तेव्हा मला ती कुळाचारासारखी समजावून सांगितलीत.

यंदाच्या पानावर दोन ते पाच हे क्रमांक तुमच्या अक्षरात लिहिलेले आहेत. पहिल्यापुढे तुम्ही एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. रेघेवर दोघींचं एकमत झाल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा नियम. एकमत झालं नाही. गौरी गेल्या, आणि मागोमाग तुम्ही गेलात.

मी तुम्हांला पहिल्यांदा नीट पाहिलं ते टेलिफोन एक्सचेंजमधून ड्यूटी करून आल्यावर. कानांवरच्या यंत्राच्या पट्टीनं तुमच्या केसांत एक आडवी घडी पडलेली असायची. वेणी सोडली तरी ती जायची नाही. दिवसभर परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून देणारी बाई घरी येऊन पुन्हा आवाजच ऐकत बसते, याचं मला नवल वाटायचं. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून, डोळे मिटून, तुम्ही म्हणायचात, "शैले, ती कालची लाव." लग्न होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी तबकडी लावली आणि, मराठी घेऊन बी. ए. झाल्याच्या तोऱ्यात, म्हणाले, "किती तरल, किती आर्त आवाज आहे."

तुम्ही एक डोळा उघडलात. "विशेषणं शाळेत ठेवून येत जा. कुठे आर्त आहे ते सांग. कोणत्या जागी?"

मला सांगता येईना. तुम्ही सुई उचलून मागे ठेवायला लावलीत. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्यांदा मला ऐकू आलं की गाणारी वरच्या स्वराला पोचण्याच्या किंचित अगोदर श्वास सोडून देते, आणि उरलेल्या रिकामपणातून तो स्वर काढते. "हां," तुम्ही म्हणालात, "आता जेवायला वाढ." पुढे शाळेत मी मुलींना कविता शिकवली ती अशीच. चांगली काय म्हणता, जागा दाखवा. ते माझं शिकवणं नव्हतं, तुमचं होतं. हे मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "मग पगार अर्धा दे."

सुटीच्या दिवशी तुम्ही सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचात आणि दुकानदाराला निम्मा दिवस भंडावून एखादीच तबकडी घेऊन परतायचात. ती मांडीवर आडवी ठेवायची नाही, उभी धरायची. खिडकीपाशी बसायचं नाही, ऊन लागतं. तळेगावला गर्दी चढली की तबकडी पदराखाली. एकदा एका बाईनं तुम्हांला, पदराखाली लेकरू आहे असं समजून, जागा करून दिली होती आणि तुम्ही ती निमूटपणे घेतलीत. पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यालाच बुरा येतो. तबकड्यांच्या वेष्टनांना ओल्या काडेपेटीचा वास सुटायचा. तुम्ही एकेक वेष्टन कोरड्या फडक्यानं पुसून स्वयंपाकघरात, चुलीपासून बरोबर सहा हातांवर, उभं करून ठेवायचात. माझ्या पोळ्यांचा धूर आणि तुमच्या गायकांचे चेहरे एकाच भिंतीला असायचे.

चार दसऱ्यांपूर्वीची ती तबकडी आठवते ना? नवी गायिका, पहिलाच लाँग प्ले. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला ठुमरी. मी म्हटलं, फार रेंगाळते. तुम्ही म्हणालात, रेंगाळत नाही, दमलेली आहे. "ही बाई माझ्यासारखी दमते आणि तरी गाते. दमल्यावर गाणारी मी आजवर ऐकली नव्हती. सगळे ताजेतवाने होऊन गातात." पहिला क्रमांक तिला मिळाला. मी अंगठा दिल्यासारखी मान हलवली.

कुसगावहून दूध घालायला येणारी ठकूबाई दारात चरवी टेकवून ऐकत उभी राहायची. ती एकदा म्हणाली, "आक्का, ही बाई आजारी हाय का वो? लय दमानं गातीया."

"दमानं गाते म्हणूनच ऐकते मी."

"ऐका बाई. आमच्या हितं असं कुनी गायलं तर म्हशी पान्हा चोरतील."

तुम्ही हसलात, आणि तिच्या पेल्यात चहा जास्त ओतलात. मग एकदा तीच गायिका रेडिओवर लागली. आवाज बारीक, लय चढी, सगळं कसं उड्या मारत आलेलं. तुम्ही कपाळाला आठी घालून म्हणालात, "बायकांना वेळ कमी देतात ग तिथे. बघ कशी घाईत उरकते आहे बिचारी." आणि मीही म्हटलं, "हो ना, अन्याय आहे." त्या गायिकेच्या बाजूनं आपण दोघी किती वेळ रेडिओला बोल लावत बसलो होतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मी एवढी वळणं घेते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माणूस बोलण्याआधी जो श्वास घेतो त्यातच निम्मी बातमी असते, असं तुम्ही म्हणायचात.

त्या दसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात मी उत्तरपत्रिका तपासायला पुण्याला गेले होते, मैत्रिणीकडे उतरले होते. तिनं कौतुकानं तीच तबकडी लावली. मारवा सुरू झाला आणि मी म्हणाले, "अगं, तुझं मशीन जोरात फिरतंय." ती हसली. तिच्या यजमानांनी तबकडीवर कागदाचा चिटोरा ठेवला, मनगटी घड्याळ समोर धरलं आणि मला फेरे मोजायला लावले. मिनिटाला तेहेतीस आणि वर थोडं. असायला हवे तेवढेच. गाणारी मुलगी विशीची होती. आवाजात थकवा नव्हता, खोडी होती. मारव्यातसुद्धा ती कुठेतरी ओठ दाबून हसत होती.

घरी आले. तुम्ही ड्यूटीवर होतात. मी चिटोरा ठेवला, यांचं घड्याळ घेतलं आणि मोजलं. तीस. पुन्हा मोजलं. तीस. आपल्या यंत्रातलं रबरी चाक झिजून घसरत होतं, आणि आपण ऐकत होतो तो प्रत्येक गळा जवळजवळ एक अख्खा स्वर खाली आणि तेवढाच संथ होता. कधीपासून, कुणास ठाऊक. चाक एका दिवसात झिजत नाही. कोणत्या दसऱ्यापर्यंतच्या याद्या खऱ्या आणि कोणत्या दसऱ्यापासूनच्या चाकाच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या खेपेला मी पुण्याहून नवं चाक आणलं. रुपयाएवढं, काळं, कोऱ्या रबराच्या वासाचं. स्वयंपाक आटोपून संध्याकाळी यांच्याकडून बसवून घ्यावं असं ठरवलं होतं. त्या दुपारी तुम्ही आलात. दोन माणसांची कामं एकटीनं ओढून आला होतात. चप्पल काढायलाही वाकवेना. घमेल्यात पाय सोडलेत आणि ती तबकडी मागितलीत. तिचा पहिला स्वर लागला तसे तुमचे खांदे खाली आले. कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसे आले. मी चाक शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवून दिलं.

हे मी तुमच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, ते मला आत्ता कळलं.

माझी आई गेली तेव्हाचं तुम्हांला स्मरत असेल. साताऱ्याहून शेजाऱ्यांच्या नंबरावर ट्रंक कॉल आला होता आणि तो जोडायला बोर्डावर तुम्ही होतात. लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा तुमचा नियम. नोकरीत तो तुम्ही एकदाच मोडलात. मैत्रिणीला बोर्डावर बसवून, अर्धा मैल भर पावसात चालत आलात. छत्री विसरून आला होतात. दारात उभं राहून, केसांतून पाणी गळत असताना, म्हणालात, "शैले, बस खाली. आई गेली. आता शेजारचे बोलवायला येतील. त्यांच्या तोंडून ऐकू नकोस म्हणून आले." तुम्ही मला खरं सांगायला अर्धा मैल चालत आलात. मी तुम्हांला खरं सांगायला तीन वर्षांत माजघर ओलांडलं नाही.

आणि यंदाचा वाद. यंदाच्या रेघेवर तुम्हांला त्या म्हाताऱ्या बुवांचा पूरिया हवा होता. मला त्या नव्या मुलीचा, सबंध ठुमऱ्यांचा लाँग प्ले. हो, तीच मुलगी, तिची दुसरी तबकडी.

"ही दमलेली होती तोवर बरी होती," तुम्ही म्हणालात. "आता नुसती आळसावली आहे. ठुमरीत लाडिकपणा हवा. ही झोपेतून उठून गाते."

मी काय बोलणार होते? ती तबकडीसुद्धा मी पुण्याला ऐकून आले होते. मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवर ती पोरगी कशी झऱ्यासारखी उसळते ते मला माहीत होतं. ते सांगायचं तर चाक सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "पण शब्द कसे टाकते बघा."

"कोणता शब्द? कुठे?"

मी तो शब्द सोडून तुमच्या बुवांवर घसरले. दुसऱ्या बाजूला, मध्याच्या जरा पुढे, ते समेवर यायला निघतात आणि येत नाहीत. तबला येतो, गळा येत नाही. तिथे पोकळी आहे. मी म्हटलं, "श्वास पुरला नाही, वन्सं. वय झालं आहे. कंपनीनं ती जागा पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्यायला हवी होती."

"पुरला नाही?" तुम्ही मागे टेकून बसलात. "तो चुकला नाही. त्यानं सम सोडून दिली. तबल्याला दिली. आपण बोर्डावर लाइन जोडतो आणि मधून बाजूला होतो ना, तसं. जोडून झालं की माणसानं निघून जायचं असतं."

"पोकळी ती पोकळीच."

"लाव पुन्हा."

ती जागा आपण किती वेळा लावली. मला दर वेळी तिथे दमलेला म्हातारा ऐकू आला. शेवटी तुम्ही सुई उचललीत आणि माझ्याकडे बघत राहिलात. "यंदा तुझ्या वादात दम नाही, शैले. काहीतरी पोटात ठेवून भांडते आहेस." मी म्हटलं, "छे." तुम्ही म्हणालात, "राहू दे रेघ. दसऱ्याला अवकाश आहे."

अवकाश नव्हता. तापात आठ दिवस गेले. एकदा दुपारी शुद्ध होती तेव्हा तुम्ही विचारलंत, "पिवळी पडली का ग माझी वेष्टनं?" मी म्हटलं, पुसून ठेवली आहेत. "आणि रेघ?" मी म्हटलं, तुम्ही बऱ्या झालात की भांडू. तुम्ही डोळे मिटलेत आणि हलकेच म्हणालात, "बरी झाले की." तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत कोणी नव्हतं, तुमचा हात माझ्या हातात होता. पण आजारी माणसाला असं काही सांगतात का, असा एक शहाणा विचार मनात आला. शहाणे विचार मला नेहमी नको त्या वेळी येतात.

आज पूजा नाही, म्हणून यंत्राला हात न लावण्याची बंदीही नाही. मी शिवणाचा डबा यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत. चाक हातात घेऊन फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताईला कळलं असतं तर तिनं तुझी सालटी काढली असती. आणि संध्याकाळपर्यंत विसरली असती."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग का नाही बोललीस?"

मी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चार स्क्रू काढले, जुनं चाक उतरवलं. ते एका बाजूनं चकचकीत झालं होतं. नवं बसवलं. ठकूबाई चरवी घेऊन दारात होती. आज नेहमीसारखी उभी राहिली नाही, उंबऱ्याबाहेरच बसली. मी चिटोरा ठेवून मोजलं. मग तुमच्या बुवांची तबकडी लावली, दुसरी बाजू.

तुमच्यावर उपकार करायला मी बसले नव्हते, हे सांगते. गेलेल्या माणसाला मोठेपणानं पहिला क्रमांक देऊन टाकायचा, हे तुम्हांला खपलं नसतं. "माझ्यावर दया नको, जागा दाखव" म्हणाला असतात. मी भांडायलाच बसले होते.

बुवांचा आवाज उजळ होऊन आला. म्हातारा होता, पण वाकलेला नव्हता. लय संथच होती, पण आता मला हातावर मोजता येत होती. आजवर ती माझ्या बोटांतून सुटत होती, आणि सुटली की त्यापुढचं सगळं मला चूक वाटत होतं. ती जागा आली. गळा समेकडे निघाला, अगदी काठाशी आला आणि थांबला. श्वास छातीत भरलेला असताना थांबला. तो श्वास ऐकू येत होता. तबला एकटा समेवर उतरला. आणि बुवा, एक मात्रा जाऊ देऊन, शेजारून हलकेच पुन्हा चालू लागले. पोकळी नव्हती ती. कुणीतरी कुणालातरी दार उघडून धरलं होतं.

ठकूबाई बाहेरून म्हणाली, "आज बाबा तरना झाला जनू."

मी सुई मागे ठेवली नाही. एकदाच पुरलं.

मुलीच्या तबकडीला मी मनातल्या मनात चाकाची सवलत देत आले होते: ही अशी नाही, हे यंत्रामुळे होतं आहे. तीच सवलत तुमच्या बुवांना द्यायचं मला एकदाही सुचलं नाही. मला आवडतं ते यंत्रानं बिघडवलेलं, तुम्हांला आवडतं ते मुळातच सदोष, असं मी धरून चालले. तुमच्यासाठी एक दमलेला आवाज राखून ठेवते आहे, या समाधानात होते. त्या एका आवाजासाठी बाकीचे सगळे गळे तुम्हांला तीन वर्षं वाकवून ऐकवले. ही माझी माया, वन्सं. तिच्यात मी तुमच्यापेक्षा जास्त जाणते, हा ताठा मिसळलेला होता. यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते आहे.

रेघेवर मी बुवांचं नाव लिहिलं. माझं अक्षर तुमच्या चार ओळींच्या वर आलं आहे आणि ते मला बघवत नाही. पण तुमचंच मत होतं, आणि ते खरं होतं. तुम्ही त्या झिजलेल्या चाकातून, एक स्वर खाली, इतक्या संथपणे घरंगळणाऱ्या आवाजातून ती थांबलेली जागा ओळखलीत. लाइन कितीही खरखरली तरी पलीकडचा माणूस तुम्हांला कळायचाच.

उद्या दसरा. सोनं वाटायला कुणी येणार नाही. सकाळी मी ती पहिली तबकडी लावीन आणि तिच्यातला तो श्वास पुन्हा ऐकीन. तो तुम्ही आयुष्यात एकदाही त्याच्या खऱ्या उंचीवर ऐकला नाहीत. चाक डब्यात होतं. तुमच्या खाटेपासून चार पावलांवर होतं.